शुबर्टचं चेलो क्विंटेट, डी ९५६ : कोणतं रेकॉर्डिंग घ्यावं आणि का

कुठल्याही ॲपवर नुसतं ‘शुबर्ट क्विंटेट’ असं शोधलं की बहुतेक वेळा आधी ‘ट्राउट’ समोर येतं. ते १८१९ चं, ए मेजरमधलं, पियानो असलेलं. तेही सुंदर आहे, पण ही रचना वेगळी. इथे पियानो नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि दोन चेलो आहेत. शोधताना ‘डी ९५६’ असं लिहा, म्हणजे घोळ होत नाही. ‘डी’ हा ऑटो एरिख डॉइच यांनी केलेल्या सूचीतला क्रमांक. जुन्या तबकड्यांवर ओपस १६३ दिसेल, तीही हीच रचना. ‘स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी’ असं लिहिलेलं रूपांतर मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्याने टाळावं. पाच माणसांनी वाजवायची ओळ वीस-पंचवीस जण वाजवू लागले की दुसऱ्या चेलोची एकट्याने छेडलेली तार हरवते, आणि या रचनेचा निम्मा जीव त्या तारेत आहे.

रेकॉर्डिंग्ज भरपूर आहेत आणि त्यांची लांबी पंचेचाळीस मिनिटांपासून पंचावन्नच्या पुढेही जाते. हा फरक फक्त लयीचा नाही. पहिल्या भागाचा पूर्वार्ध पुन्हा वाजवावा अशी खूण शुबर्टने घातली आहे. ती पाळली तर तो एकच भाग एकोणीस-वीस मिनिटांचा होतो, वगळली तर साधारण चौदाचा. विकत घेण्याआधी ट्रॅकच्या यादीत पहिल्या भागाची वेळ पाहिली की हे लगेच कळतं. माझं मत स्पष्ट आहे : पहिलं रेकॉर्डिंग पुनरावृत्ती असलेलंच घ्यावं. या पूर्वार्धात इतके अनपेक्षित वळसे आहेत की एकदा ऐकून ते कानात बसत नाहीत, आणि ते बसले नाहीत तर त्याच भागात पुढे शुबर्ट त्यांची मोडतोड करतो तेव्हा काय मोडलं हेच उमगत नाही.

रचनेमागचा काळ थोडक्यात सांगायलाच हवा, कारण आज आपण जे विकत घेतो त्याच्या गुणदोषांशी त्याचा थेट संबंध आहे. फ्रान्झ शुबर्टचा जन्म ३१ जानेवारी १७९७ चा, व्हिएन्नातला. वडील शाळामास्तर. घरातच क्वार्टेट होतं : दोघे भाऊ व्हायोलिनवर, वडील चेलोवर आणि फ्रान्झ व्हायोलावर. मधल्या आवाजात बसून चारही बाजू ऐकायची ही सवय त्याच्या लिखाणात शेवटपर्यंत दिसते. १८२२ च्या अखेरीस त्याला सिफिलिस झाला आणि पुढची सहा वर्षं तो आजार कमीजास्त होत राहिला. २६ मार्च १८२८ रोजी, बेथोवेनच्या पहिल्या स्मृतिदिनी, फक्त त्याच्या रचनांची एकमेव जाहीर मैफल व्हिएन्नात झाली. १ सप्टेंबरला डॉक्टरांच्या सल्ल्याने तो भाऊ फर्डिनांडकडे, तेव्हाच्या उपनगरात राहायला गेला. घर नवं बांधलेलं होतं आणि ओलसर. तिथे काही आठवड्यांत तीन मोठे पियानो सोनाटा आणि हे क्विंटेट पूर्ण झालं. २ ऑक्टोबरला लाइपत्सिगच्या प्रोब्स्ट या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने क्विंटेट तयार असल्याचं कळवलं. प्रोब्स्टने ते घेतलं नाही. १९ नोव्हेंबरला वयाच्या एकतिसाव्या वर्षी शुबर्ट गेला. पहिला जाहीर प्रयोग १७ नोव्हेंबर १८५० रोजी व्हिएन्नात हेल्मेसबर्गर हा व्हायोलिनवादक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला. छपाई झाली १८५३ मध्ये.

शुबर्टच्या हातचं मूळ हस्तलिखित उपलब्ध नाही. त्यामुळे सगळ्या आवृत्त्यांचा मुख्य आधार त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी छापलेली प्रत. शुबर्ट जोराची खूण आणि आवाज कमी करत नेण्याची खूण जवळजवळ सारखीच काढायचा. एक आखूड, दुसरी थोडी लांब. नक्कल करणाऱ्याने कोणती समजून उतरवली हे तपासायला मूळच हाताशी नाही. म्हणून एखादा सूर एका रेकॉर्डिंगमध्ये ठोसून येतो आणि दुसऱ्यात विरत जातो, तेव्हा त्यातलं एक ‘चूक’ असं समजू नये. वादकांनी तिथे निर्णय घेतलेला असतो.

रेकॉर्डिंग पारखायचं तर पूर्ण ऐकायची गरज नाही. तीन-चार जागा पुरतात.

पहिली जागा अगदी सुरुवातीची. सी मेजरचा साधा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), दोन बार (तालाचे छोटे खंड), हळूहळू फुगणारा; तिसऱ्या बारला तो अचानक अस्थिर कॉर्डमध्ये सरकतो. पहिल्या दहा बारांत दुसरा चेलो वाजतच नाही. मग तेच वाक्य खालच्या चार वाद्यांकडे जातं आणि पहिला व्हायोलिन गप्प बसतो. चांगल्या ध्वनिमुद्रणात इथे आवाजाचं वजन खाली उतरलेलं स्पष्ट जाणवतं. दोन्ही वाक्यं एकाच रंगाची वाटली तर एक तर मायक्रोफोन फार लांब आहेत किंवा तुमच्या स्पीकरला मंद्र झेपत नाही.

दुसरी जागा साठाव्या बारच्या आसपास. दोन चेलो एकमेकांच्या जवळ राहून ई फ्लॅट मेजरमधली दुसरी सुरावट गातात. खालचा आधार इथे व्हायोला देतो, तार छेडून. वरचे दोन व्हायोलिन हलके ठेके धरतात. दोन चेलोंचा आवाज एकजीव व्हायला हवा, पण दोन माणसं आहेत हेही कळलं पाहिजे. क्वार्टेटमध्ये चेलो एकच, म्हणून दुसरा चेलोवादक पाहुणा असतो; तो नावाजलेला असला की इथे तराजू कलतो. पाहुणा स्वतःकडे लक्ष वेधून घेतो, किंवा घरचा चेलोवादक त्याच्यापुढे दबतो. दोन्ही वाईट.

तिसरी जागा म्हणजे संपूर्ण आदाजिओ, दुसरा भाग. मधली तीन वाद्यं, म्हणजे दुसरा व्हायोलिन, व्हायोला आणि पहिला चेलो, लांब धरलेले सूर अतिशय हळू पुढे नेतात. पहिला व्हायोलिन वरून तुटक शब्द टाकतो. दुसरा चेलो खालून एकेक तार छेडतो. विलंबित ख्यालाला कान सरावलेल्या माणसाला इथे शांत बसणं जड जात नाही. जिथे काही घडत नाहीसं वाटतं तिथेच सगळं चाललेलं असतं. लय कुणी बारा मिनिटांत नेतो, कुणी पंधराच्या जवळ. हळू म्हणजे खोल असं समीकरण इथे फसतं. ती छेडलेली तार सुरावटीला पुढच्या ठोक्याकडे नेत असेल तर पंधरा मिनिटंही पुरतात. नेत नसेल तर बारा मिनिटांतही संगीत गोठतं. मग ई मेजरच्या या शांततेवर एकदम एफ मायनर कोसळतं. पहिला व्हायोलिन आणि पहिला चेलो सप्तकाच्या अंतराने एकच सुरावट ओरडून म्हणतात, खाली दुसरा चेलो खदखदतो, मधली दोन वाद्यं ठोक्याच्या आड धापा टाकतात. शांत भाग परततो तेव्हा दुसरा चेलो छेडण्याऐवजी भराभर धावणाऱ्या ओळी वाजवतो. या ओळी ऐकू यायला हव्यात, पण वर येता कामा नयेत.

ई आणि एफ यांच्यात अर्ध्या स्वराचं अंतर आहे, आणि हे अंतर संपूर्ण रचनेत फिरत राहतं. तिसरा भाग, स्केर्त्झो, सी मेजरमध्ये, मोकळ्या तारांवर, शिकारीच्या शिंगांसारखा दणदणाट करतो. त्याच्या पोटातला त्रिओ, म्हणजे मधला तुकडा, मात्र डी फ्लॅट मेजरमध्ये, संथ आणि खाली उतरत जाणारा. सी ला षड्ज धरलं तर डी फ्लॅट म्हणजे कोमल रिषभ. शेवटचा, हंगेरियन ढंगाचा भाग संपतो तोही याच दोन स्वरांवर : सगळी वाद्यं मिळून कोमल रे वरून सा वर आदळतात. तो शेवटचा सूर चौथी जागा. वादकांनी कोमल रे घाईने गिळला की सुखान्त वाटतो, टेकवून वाजवला की तिसऱ्या भागातला काळोख पुन्हा डोकावतो. मला दुसरं पटतं.

आता रेकॉर्डिंग्ज.

पहिल्या खरेदीसाठी टाकाच क्वार्टेट आणि राल्फ किर्शबाउम, हायपेरियनने काढलेलं, २०१२ मधलं ध्वनिमुद्रण. सोबत शुबर्टचाच ‘क्वार्टेट्झात्स’, सी मायनरमधला एकटा भाग, डी ७०३. इथे भावनेचा बाजार नाही. आदाजिओ वाहता आहे, छेडलेली तार गोल आणि जवळून घेतलेली, आणि दोन चेलोंची जागा नीट वेगळी. एफ मायनरचा भाग यापेक्षा हिंसक ऐकायला मिळतो हे खरं, पण रचनेचा सांगाडा यात सर्वांत स्वच्छ दिसतो, आणि नवख्याला तोच हवा. हायपेरियनची रेकॉर्डिंग्ज कित्येक वर्षं स्ट्रीमिंगवर नव्हती. २०२३ पासून ती तिथे येऊ लागली. कंपनीच्या संकेतस्थळावर फाइल विकत मिळते आणि पुस्तिकेतली टिपणं फुकट वाचता येतात. ती वाचाच.

त्याहून धगधगीत हवं असेल तर पावेल हास क्वार्टेट आणि दान्युलो इशिझाका, सुप्राफोन, २०१३. दोन तबकड्यांच्या या संचात ‘डेथ अँड द मेडन’ हे शुबर्टचंच क्वार्टेटही आहे. आवाज दाट, चेक वादकांचा तो मधाळ तरी ताठ टोन. आदाजिओची सुरुवात इतकी दबक्या आवाजात आहे की पंख्याच्या घरघरीत ती ऐकू येणार नाही, आणि म्हणूनच मधला भाग अंगावर येतो. ज्याने ही रचना आधी ऐकली आहे त्याला मी टाकाचच्या आधी हेच सुचवेन.

आल्बान बेर्ग क्वार्टेट आणि हाइनरिख शिफ, १९८२, ईएमआय. बरीच वर्षं हेच प्रमाण मानलं जायचं आणि व्हिएन्नाचा खास लालित्याचा बाज यात आहे. दोन चेलोंची ती दुसरी सुरावट इतकी एकजीव क्वचितच ऐकायला मिळते. पण पहिल्या भागाची पुनरावृत्ती वगळली आहे. म्हणून दुसरं रेकॉर्डिंग म्हणून उत्तम, पहिलं म्हणून नाही.

जुन्यांपैकी दोन, दोन्ही मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची. हॉलिवूड क्वार्टेट आणि कर्ट रेहर यांचं १९५१ चं. क्वार्टेटचा पहिला व्हायोलिन फेलिक्स स्लॅटकिन आणि चेलो एलेनॉर आलर, हे नवरा-बायको दिवसा चित्रपट स्टुडिओंच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. नोटेशन पाहताच अचूक वाजवण्याची तिथली शिस्त इथे वरदान ठरली आहे : सूर कणभरही हलत नाही, लय कुठे ढिली पडत नाही, आणि तरीही कोरडेपणा नाही. वेगवान आहे, पुनरावृत्ती नाही. टेस्टामेंटने काढलेली प्रत घ्या. इंटरनेटवर फिरणाऱ्या काही प्रतींमध्ये खरखर काढण्याच्या नादात वरचे स्वर बोथट केलेले असतात, आणि मग पहिला व्हायोलिन पडद्यामागून वाजवल्यासारखा येतो.

दुसरं प्राद महोत्सवातलं, १९५२ : आयझॅक स्टर्न, अलेक्झांडर श्नायडर, मिल्टन केटिम्स, पाब्लो कासाल्स आणि पॉल तॉर्तलिए. स्पेनमधून बाहेर पडून फ्रान्सच्या सीमेवरच्या त्या गावात राहिलेल्या कासाल्सभोवती हा महोत्सव उभा राहिला. कासाल्सचं घोगरं हुंकारणं मायक्रोफोनने पकडलं आहे. काहींना ते खुपतं. वाजवणं ओबडधोबड आहे, जोड कुठेकुठे सुटतो, पण सूर लांबवताना त्यातून अर्थ कसा काढायचा हे शिकायचं असेल तर याला पर्याय नाही. मात्र यापासून सुरुवात करू नये. आधी रचना कानात असली की यातला खडबडीतपणा कशासाठी आहे ते कळतं.

आणखी दोन थोडक्यात. लार्किबुदेली या मंडळींनी आनर बिल्स्मा आणि केनेथ स्लोविक या दोन चेलोवादकांसह आतड्याच्या तारांवर केलेलं रेकॉर्डिंग सोनीकडे आहे. धातूच्या तारांची सवय असलेल्या कानाला आवाज आधी बारीक वाटतो, पण पाच ओळी वेगवेगळ्या ऐकायला याच्याइतकं सोपं दुसरं नाही. क्वात्युओर एबेन आणि गोतिए काप्युसाँ यांचं २०१६ चं, एरातोवरचं, नजाकतीचं आहे. सोबत मातिआस गर्नने गायलेली शुबर्टची काही गाणी आहेत. ज्याला गाण्यांमार्गे शुबर्टकडे यायचं आहे त्याला हा संच बरा.

रेकॉर्डिंग कितीही चांगलं असलं तरी ते ज्यावर ऐकता त्याने ते बिघडतं. चेलोची सर्वांत खालची तार सी, तिची कंपनसंख्या सुमारे ६५ हर्ट्‌झ. आदाजिओत छेडला जाणारा खालचा ई सुमारे ८२ हर्ट्‌झ. फोनचा स्पीकर इतक्या खालचा मूळ सूर जवळजवळ देतच नाही. म्हणजे दुसरा चेलो ‘टक’ असा नुसता ठोका होऊन राहतो आणि आदाजिओचा पाया निघून जातो. साधे पण कान झाकणारे हेडफोन चालतील. ॲपमध्ये तीन गोष्टी आधी बंद करा. एक, आवाज आपोआप सारखा करणारी सोय. अतिमंद आणि अतितीव्र यांच्यातलं अंतर हीच इथली मुख्य गोष्ट, आणि काही ॲप्समध्ये ही सोय तेच अंतर दाबते. दोन, एका ट्रॅकचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणारी सोय. ती चालू राहिली तर आदाजिओच्या शेवटच्या कॉर्डवरच स्केर्त्झोचा दणका येऊन आदळतो. तीन, शफल, कारण चार भाग उलटसुलट ऐकून हाती काही लागत नाही. ॲपल म्युझिक क्लासिकलसारख्या वेगळ्या ॲपमध्ये रचनेच्या नावाने शोधता येतं आणि वादकांनुसार आवृत्त्या समोर येतात; साध्या ॲपमध्ये तोच शोध फार वेळ खातो.

आवाजाची पातळी आदाजिओच्या सुरुवातीवर लावू नका. ती अतिमंद आहे, म्हणून हात आपोआप वर जातो आणि एफ मायनर आलं की कान फाटतात. आधी स्केर्त्झोची पहिली दहा सेकंदं लावा, ती ज्या पातळीला सुसह्य वाटतील तीच पूर्ण रचनेसाठी ठेवा.

स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली छापील प्रत, समोर ठेवून ऐकायचं असेल तर बेरनराइटरची अभ्यासप्रत घ्या. ती नव्या समग्र शुबर्ट आवृत्तीवर आधारलेली आहे आणि जोराच्या खुणा की विरत जाण्याच्या, याचे निर्णय तिथे विचार करून घेतलेले आहेत. फुकट हवा असेल तर ब्राइटकोप्फ उंट हेर्टेलच्या एकोणिसाव्या शतकातल्या समग्र आवृत्तीची प्रत आयएमएसएलपी या फुकट स्कोअरच्या संकेतस्थळावर आहे. तिचंच पुनर्मुद्रण डोव्हरच्या जाड, स्वस्त पुस्तकात शुबर्टच्या इतर तंतुवाद्यरचनांसह मिळतं. ऐकण्यासाठी ती पुरेशी आहे. वाजवायला मात्र ती घेऊ नये, आणि पाच जणांनी पाच वेगळ्या आवृत्त्यांचे पार्ट्स (प्रत्येक वाद्याची वेगळी प्रत) तर मुळीच आणू नयेत. खुणा जुळत नाहीत, जुन्या पार्ट्समध्ये अनेकदा बार क्रमांक नसतात, आणि ‘कुठून घ्यायचं’ यातच तालमीचा वेळ जातो. विकत घेताना स्कोअर आणि पार्ट्सचा संच वेगवेगळा विकला जातो हे लक्षात ठेवा.

वाजवणाऱ्यांसाठी सर्वांत जास्त बिघडणारी जागा आदाजिओचं पहिलं पान. दुसऱ्या चेलोने लय ओढली की मधल्या तिघांचा गज सूर संपायच्या आत संपतो, प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी चोरून गज पालटतो आणि धरलेल्या कॉर्डला चिरा पडतात. उपाय असा : आधी त्या तिघांनी दुसऱ्या चेलोशिवाय वाजवून पाहावं, गज कुठे पालटायचा ते पेन्सिलने तिन्ही पार्ट्समध्ये लिहावं, आणि त्यांचा गज जितका पुरतो तीच लय दुसऱ्या चेलोने घ्यावी. पहिल्या व्हायोलिनने त्यानंतरच यावं. परतलेल्या शांत भागात दुसऱ्या चेलोच्या धावत्या ओळी जड होऊ लागल्या तर गजाचा कमी भाग वापरून त्या टोकाकडे वाजवाव्यात; जोर वाढवून त्या स्पष्ट होत नाहीत, फक्त मोठ्या होतात.